पेव्हर ब्लॉकवरचा बॅले

संपादकांचा फोन आला तेव्हा मी पडवीत वाल सोलत बसले होते. "गायकवाड मॅडम, आमच्या दिवाळी अंकासाठी नेतृत्वविकासावर काहीतरी प्रेरणादायी लिहा ना." प्रेरणादायी! हा शब्द ऐकला की हल्ली माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मी सरळ सांगितलं, लिहीन, पण वाचून कुणाला प्रेरणाबिरणा होईल याची हमी देणार नाही. मला राग आला होता, तो अजून गेलेला नाही, तेवढंच लिहीन. ते हसले, म्हणाले, फराळात थोडं तिखट लागतंच. घ्या तर मग.

माझी ओळख थोडक्यात. खोपोलीच्या एका कारखान्यात माझी सगळी नोकरी झाली, ती ट्रेनिंग विभागात. घर कर्जतला. काम काय, तर फोरमन आणि सुपरवायझर तयार करायचे. कालपर्यंत जो माणूस मशीनवर उभा होता त्याला आजपासून दहा जणांकडून काम करून घ्यायला शिकवायचं. वाटतं तितकं ते सोपं नाही. उत्तम वेल्डर उत्तम फोरमन होतोच असं नाही, आणि कधीकधी चांगला वेल्डरही हातचा जातो. मिश्यांना पीळ देणाऱ्या माणसांना मी वर्गात बसवून बोलतं केलं, भांडायला लावलं, माफी मागायला शिकवलं. निवृत्त झाले तेव्हा शाल, श्रीफळ आणि 'आता आराम करा' असा सल्ला मिळाला. पहिल्या दोन गोष्टी कामाला आल्या.

मग एक दिवस एका बॅले कंपनीतून बोलावणं आलं. हो, बॅले. कर्जतहून कशेळ्याला जाताना डाव्या हाताला शेतात एक लांबलचक शेड दिसते. मुंबईच्या एका ट्रस्टने ती बांधली. तिथे वीसेक नर्तक राहतात, दिवसभर सराव करतात आणि मुंबईत, परदेशात प्रयोग करतात. हाच त्यांचा पेशा, याच्यावरच त्यांचं घर चालतं. आपल्याकडच्या जीपवाल्यांना बॅलेबिले काही ठाऊक नाही. ते तिथे ब्रेक मारतात आणि ओरडतात, "डान्सवाले, उतरा!"

मला बोलावलं होतं ट्रस्टीबाईंनी. सुती साडी, गोड आवाज, प्रत्येक वाक्यात 'जर्नी'. त्या म्हणाल्या, "आम्हाला आमच्या आर्टिस्ट्समधून लीडर्स घडवायचे आहेत." मी विचारलं, कशासाठी? त्यावर त्या थोड्या बिचकल्या. मग नृत्यदिग्दर्शकांनी सांगितलं. त्यांना तिथे सगळे नुसतं 'सर' म्हणतात, मीही तेच म्हणते. सर वर्षातले कितीतरी महिने परदेशी असत. ते नसताना सराव घ्यायला, चुका काढायला, दौऱ्यावर सगळ्यांना सांभाळायला एक माणूस हवा होता. त्या पदाला 'रिहर्सल मास्टर' म्हणतात. बाहेरून आणण्यापेक्षा आपल्याच नर्तकांतून एक तयार करा, असं काम माझ्याकडे आलं. माझ्या आधी एक प्रयोग झाला होता म्हणे. खालापूरच्या एका रिसॉर्टवर टी-शर्टवाल्या तरुण ट्रेनरांनी या लोकांना टायरमधून काढलं, दोरीवर चालवलं आणि शेवटी तो प्रसिद्ध खेळ घेतला, डोळे मिटून मागे पडायचं आणि सहकाऱ्यांनी झेलायचं. आता ही माणसं रोज एकमेकांना डोक्यावर उचलून धरतात! ती इतकी सुंदर पडली आणि इतकी अलगद झेलली गेली, की ट्रेनरच टाळ्या वाजवत बसले. सगळ्यांना 'नेतृत्वगुण' छापलेलं एकेक सर्टिफिकेट मिळालं. मी कपाळावर हात मारला.

पहिल्या दिवशी मी नुसती सराव बघत बसले. भिंतीला आडवा दांडा, त्याला एक हात लावून सगळे ओळीने उभे. सर चालत येतात, कुणाचा गुडघा बोटाने दाबतात, कुणाची हनुवटी उचलतात. ज्याची चूक काढली तो मान लववून म्हणतो, "थँक यू, सर." बाकी कुणी बोलत नाही. का, कशाला, दुखतंय, असा एक शब्द नाही. आठ-नऊ वर्षांच्या वयापासून हेच. नजर कुठे ठेवायची, श्वास कधी घ्यायचा, हेसुद्धा दुसऱ्याने सांगायचं. आणि मुली जे गुलाबी साटिनचे बूट घालतात त्यांचं टोक खळ लावलेल्या कापडाच्या थरांनी लाकडासारखं कडक केलेलं असतं. सगळं शरीर त्या टोकावर तोलायचं आणि वर हसायचं. बूट काढले की त्या बोटांकडे बघवत नाही. मी शेजारी येऊन बसलेल्या सरांना म्हटलं, "दुखत असेल हो." ते म्हणाले, "दुखतं ते दिसता कामा नये, मॅडम. ही कला आहे." मला आमच्या जुन्या फाउंड्रीतला एक मुकादम आठवला. तोही भाजलेल्या हातांबद्दल असंच बोलायचा, फक्त त्याला कला म्हणायचं सुचलं नव्हतं.

दुपारी माझा वर्ग. कारखान्यात मी पहिल्या दिवशी एक गंमत करायचे. सगळ्यांना कागद आणि टोपण लावलेलं पेन द्यायचं आणि गंभीर चेहऱ्याने सांगायचं, "टोपण न काढता आपलं नाव लिहा." फोरमन मंडळी आधी एकमेकांकडे बघायची, मग कुणीतरी बोलायचंच, "मॅडम, सकाळी चहा मिळाला नाही वाटतं?" की हशा पिकायचा. मग मी म्हणायचे, हा जो पहिला बोलला ना, तिथून पुढारपण सुरू होतं. वर्षानुवर्षं ही युक्ती एकदाही फसली नव्हती.

इथे फसली. मी सांगितलं, आणि त्या सगळ्यांनी टोपण लावलेली पेनं कागदावर चालवली. ताठ बसून, सुंदर मनगटं वळवून, मन लावून. एकाने तर आडनावाखाली रेघही ओढली. मग कोरे कागद माझ्यापुढे आणून ठेवले आणि मान लववून म्हणाले, "थँक यू, मॅडम." एकही हसला नाही.

संध्याकाळी मी रस्त्यावर जीपची वाट बघत उभी होते. तिथे वनिता आली. वनिता उघडे, तिशी ओलांडलेली, त्या सगळ्यांत थोरली. घाटातल्या ठाकुरवाडीची पोर. आश्रमशाळेत असताना ट्रस्टच्या लोकांनी तिची उडी पाहिली आणि तिला इथे आणलं. ट्रस्टच्या प्रत्येक पत्रकावर हिचा फोटो, हवेत, दोन्ही पाय पसरलेले, खाली 'डोंगरातून रंगमंचावर'. आता गुडघे कुरकुरायला लागले होते. या धंद्यात पस्तिशीच्या आसपास गाशा गुंडाळावा लागतो आणि हातात दुसरं काही नसतं. रिहर्सल मास्टरची जागा मिळाली तर ती तिथेच राहणार होती, नाहीतर वीस वर्षं शिकलेलं सगळं तिथेच टाकून घरी. म्हणजे बाकीच्यांना ही बढती होती, तिचं मात्र पुढचं सगळं आयुष्य त्यावर होतं.

"मॅडम, त्या पेनाचं काय वो होतं?" तिने विचारलं.

"तुला तेव्हाच नाही का विचारावंसं वाटलं?"

"वाटलं की. पण मंग म्हनलं, तुमाला माहीत असंल."

"आणि मला माहीत नसतं तर?"

तिने लांबून येणाऱ्या जीपला हात केला. जीप आली तेव्हा म्हणाली, "आमाला इचारायची सवयच नाय लावली कुनी." मी मागच्या सीटवर बसून कर्जतपर्यंत तेच घोळवत आले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना कारखान्यातलं लाल बटण सांगितलं. प्रत्येक लाइनवर असतं. काही चुकतंय असं ज्याला दिसेल त्याने दाबायचं, मग तो काल लागलेला हेल्पर का असेना. लाइन आधी थांबते, का थांबवली ते नंतर विचारतात. बटण दाबलं आणि चूक निघाली नाही, तरी दाबणाऱ्याला शिव्या घालायच्या नाहीत, आभार मानायचे. हे व्हायला आमच्याकडेही वर्षं गेली. बटण लावणं सोपं असतं, दाबणाऱ्या माणसाला नंतर एकटं न पाडणं कठीण. मी कर्जतच्या बाजारातून एक पितळी घंटा आणली आणि त्यांच्या हॉलच्या दाराशी खिळ्याला टांगली. म्हटलं, हे तुमचं लाल बटण. सर म्हणाले, "मॅडम, देऊळ केलंत की हो आमचं." पण काढा म्हणाले नाहीत.

कितीतरी दिवस त्या घंटेला कुणी हात लावला नाही. मी वर्गात एकेकाला उभं करून सराव चालवायला लावायचे आणि बाकीच्यांना सांगायचे, हा जे सांगेल त्यावर एक तरी प्रश्न विचारा. सुरुवातीला प्रश्न विचारताना पोरांना घाम फुटायचा. हळूहळू जमायला लागलं. वनिताचं तर बघत राहावं असं झालं. ती कमी बोलायची, पण आधी प्रत्येकाचा चेहरा बघायची. दमलेल्यांना 'मार्किंग' करायला सांगायची. मार्किंग म्हणजे पायांनी न नाचता नुसत्या हातांनी पायांच्या हालचाली दाखवत नाच पुरा करायचा, तालीम होते आणि पाय वाचतात. सरांना मार्किंगचा राग. ते म्हणायचे, आळशीपणा आहे. पण वनिताच्या हाताखाली ती पोरं जास्त नाचायची आणि कमी लंगडायची, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहत होते.

मग एकदा ती घंटा वाजली. सरांचा सराव चालू होता. ईशा नावाची विशीतली मुलगी उड्या घेत होती, आणि वनिता ओळीतून बाहेर आली, दाराशी गेली आणि तिने घंटा वाजवली. संगीत थांबलं.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"सर, ईशाचा पाय. नडगी दुखतेय तिची. एका पायावरच उतरतेय."

सर ईशाकडे वळले. आणि ती मुलगी, जिच्या डोळ्यांत पाणी मला कोपऱ्यातून दिसत होतं, हसली. "नाही सर. मी अगदी ठीक आहे. थँक यू."

"गुड," सर म्हणाले. "पहिल्यापासून."

वनिता परत ओळीत जाऊन उभी राहिली. मला सरांचा राग आलाच, पण त्याहून जास्त राग ईशाचा आला. घरी येऊन भाकरी थापताना लक्षात आलं की तिला तेवढंच शिकवलंय. तिचं काय चुकलं? दुखरा पाय झाकून हसणं हाच तिच्या लेखी चांगुलपणा होता.

हे सगळं पुढे गेलं ते खालापूरला.

एक्स्प्रेसवेजवळ डोंगराच्या कुशीत एका बिल्डरने 'सेकंड होम'चे बंगले काढले होते. तो ट्रस्टला देणगी देणार होता आणि त्याच्या उद्घाटनाला त्याला बॅले हवा होता. सर परदेशी. ट्रस्टीबाईंनी ठरवलं, त्या दिवशी वनिता प्रमुख. सगळं नीट पार पडलं की रिहर्सल मास्टर म्हणून तिचं नाव जाहीर करू. मला म्हणाल्या, "ही तिची लिटमस टेस्ट आहे, तुम्हीही या." मी गेले.

लॉनवर मंडप, मागे खोटा धबधबा, मध्ये लाल गालिचा घातलेला मोठा स्टेज. वनिताने चपला काढल्या, स्टेजवर गेली आणि टाचेने एकदा ठोकून पाहिलं. पुन्हा दुसऱ्या ठिकाणी. मग डेकोरेटरला बोलावलं.

"खाली काय हाय?"

"पेव्हर ब्लॉक, मॅडम!" तो छाती पुढे काढून म्हणाला. "त्यावर प्लाय, त्यावर कार्पेट. वरून ट्रक गेला तरी हलणार नाही."

तिथेच तर घोळ होता. नाचायची जमीन हलावी लागते. ह्यांच्या शेडमधली फरशी लाकडी, खालून पोकळ, उडी पडली की किंचित खाली जाते आणि पाय वाचवते. ही जमीन काही खाली जाणारी नव्हती. उडीचा सगळा मार पायालाच परत मिळणार होता. आणि ईशा तर गाडीत बसल्यापासून नडगी चोळत होती.

वनिताने सरांना फोन लावला. स्पीकरवर ठेवला, मी शेजारीच होते. सर म्हणाले, "वनिता, आम्ही याहून वाईट जमिनींवर नाचलोय. वीस मिनिटांचा तर प्रश्न आहे. स्माइल अँड डान्स."

तिने फोन बंद केला. सगळ्या मुली नटून, बूट बांधून उभ्या होत्या. तिच्याकडेच बघत होत्या. मला तिचा चेहरा अजून दिसतो. तिला माहीत होतं, नाचलो तर जागा मिळणार. नाही नाचलो तर काय होणार तेही तिला माहीत होतं. माझ्याकडे तिने एकदासुद्धा पाहिलं नाही.

ती बिल्डरच्या माणसाकडे गेली. म्हणाली, "या स्टेजवर नाय नाचनार आमी. बाजूला गवतावर, बूट न घालता, उड्या नसलेला एक नाच करून दाखवतो. तोपन चांगला हाय." तो माणूस हिंदीत म्हणाला, "मैडम, पब्लिक को वो टिपटो वाला चाहिए. बाकी नाच तो हमारा डीजे भी करवा देगा." वनिता म्हणाली, "मंग तुमचा डीजेच ठेवा." आणि मुलींकडे वळून, "बूट काढा गं. चला घरी."

मुलींनी बूट काढले. ईशाने सगळ्यात आधी काढले, आणि या वेळी ती हसत नव्हती. खोपोलीवरून कर्जतला येईपर्यंत टेंपो ट्रॅव्हलरमध्ये मुली बूट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मला मात्र ओरडावंसं वाटत होतं, आनंदाने. टोपण लावलेल्या पेनाने लिहिणारी हीच ती मुलगी!

माझा आनंद पुढच्या आठवड्यातल्या मीटिंगपर्यंत टिकला. देणगी गेली होती. सर परत आले होते. ईशाच्या नडगीच्या हाडाला तडा निघाला होता, डॉक्टरने सांगितलं, त्या स्टेजवर एक उडी पडली असती तर पाय मोडलाच असता. मला वाटलं, आता तरी यांचे डोळे उघडतील. कसचं काय! त्या मुलीच्या पायाबद्दल एकच वाक्य झालं, "तिने आधी सांगायला हवं होतं." सांगायला हवं होतं! जिला उभ्या आयुष्यात कुणी सांगू दिलं नाही, तिने!

मग वनिताकडे वळले. ट्रस्टीबाई म्हणाल्या, "वनिता, लीडर म्हणजे सगळ्यांना बरोबर घेऊन जाणारा. तू एकटीने निर्णय घेतलास."

"मी सगळ्यांना बरोबरच घेऊन आली, बाई," वनिता म्हणाली. "समदे घरीच आले."

"हेच ते. तुझ्यात अजून मॅच्युरिटी नाही. शिवाय इंग्रजीचाही प्रश्न आहे."

इंग्रजीचा प्रश्न! पत्रकावर फोटो छापताना कुणाला आठवला नव्हता. माझं डोकं असं भडकलं की मी उठून उभी राहिले. म्हटलं, "तुम्ही मला पुढारी तयार करायला सांगितलं. मी केला. तो पुढारी तुमच्यासमोर बसलाय आणि तुम्हाला तो सहन होत नाही. तुम्हाला पुढारी नको आहे, इंग्रजी बोलणारं टोपण लावलेलं पेन हवंय." सरांनी ते पेनाचं काय, असं विचारलं. मी सांगितलं नाही. वनिता या पदाला योग्य नाही असं मी लिहून द्यावं, असं त्यांनी गोड शब्दांत सुचवलं. मी उलट लिहून दिलं. त्यानंतर मला कुणी बोलावलं नाही.

जागा बाहेरच्या एकाला दिली. तो सज्जन होता, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही, पण तो सरांच्या पुढे मान वर करत नसे. वनिताला म्हणाले, तू नाच की, कोण नको म्हणतंय. एका हंगामानंतर तिचा गुडघा सुजला आणि ती बाहेर पडली. आता कशेळ्याजवळच्या एका शाळेत पोरांना खेळ शिकवते. बाजाराच्या दिवशी भेटली की मी तिला म्हणायचे, "तुझ्यावर अन्याय झाला गं." ती म्हणायची, "मॅडम, तुमी अजून तेच घेऊन बसलाव?" हो, बसलेय. कुणीतरी घेऊन बसायला नको का?

यावर्षी पुन्हा ट्रस्टीबाईंचा फोन आला. आवाज तोच, गोड. "मॅडम, एक आनंदाची बातमी! तुमच्या घंटेची आयडिया आम्ही पुढे नेतोय. आमच्या नेतृत्वविकासाचा तो गाभाच आहे. 'कोणीही थांबवू शकतं' असं नाव दिलंय. परदेशातल्या लोकांना फार आवडलं. उद्घाटनाला तुम्ही आणि वनिता, दोघी या. वनिताच्या हस्ते घंटा वाजवायची आहे." मी विचारलं, "आणि वनिताला परत घेताय का, रिहर्सल मास्टर म्हणून?" त्या म्हणाल्या, "नाही नाही, ती आमची प्रेरणा आहे."

आता कळलं ना, मला त्या शब्दाचा राग का येतो ते? मी फोन आपटलाच. मग वनिताला लावला आणि सांगितलं, जायचं नाही. त्यांची शोभा वाढवायला आपण काय समईच्या वाती आहोत? ती म्हणाली, "जाऊ या, मॅडम. पोरी नाचनार हायेत नं? मला बगायच्यात."

कार्यक्रम कुठे? खालापूरला. त्याच बिल्डरच्या लॉनवर, कारण त्याचं आणि ट्रस्टचं पुन्हा जमलं होतं आणि डोंगर मागे घेऊन फोटो चांगले येतात. लांबूनच मला तो लाल गालिचा दिसला. मागे भलामोठा फलक, वनिताचा हवेतला फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'कोणीही थांबवू शकतं'. पुढे फुलांनी मढवलेली एक नवी कोरी घंटा. आणि बाजूला मुली उभ्या, नटून, बूट बांधून. ईशा पहिल्या रांगेत. हाड जुळलं होतं तिचं. मी सरांना विचारलं, "स्टेजखाली काय आहे?" ते म्हणाले, "बिल्डरने खास मजबूत करून घेतलाय." आणि माझी नजर टाळून पाहुण्यांकडे गेले.

भाषणं झाली. ट्रस्टीबाई 'डोंगरातून' वगैरे पुष्कळ बोलल्या. मग वनिताचं नाव पुकारलं. ती साध्या साडीत स्टेजवर गेली. जाताना तिने पायरीशी चपला काढून ठेवल्या. लोकांना वाटलं, केवढी नम्रता. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. मी मात्र खुर्चीत पुढे सरकून बसले. तिने चालता चालता टाचेने एकदा ठोकून पाहिलं, घंटेजवळ पुन्हा एकदा. क्षणभर खाली बघत उभी राहिली. मग तिने घंटा वाजवली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. फोटोवाले पुढे धावले. ट्रस्टीबाई हात जोडून उभ्या. टाळ्या थांबेपर्यंत वनिता घंटा वाजवतच राहिली. मग मुलींकडे वळली आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "बूट काढा गं."

पाहुणे हसले, त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. सर घाईने पुढे आले. "वनिता, हे काय? मुलींनो, जागा घ्या. म्युझिक!" संगीत सुरू झालं. मुलींनी सरांकडे पाहिलं. मग वनिताकडे पाहिलं. ईशा खाली बसली आणि तिने रिबिनीची गाठ सोडायला घेतली. तिच्या मागोमाग दुसरी, मग तिसरी. नवे रिहर्सल मास्टर एका बाजूला उभे होते, ते वाकले आणि एका मुलीची अडकलेली गाठ त्यांनी सोडवून दिली. संगीत नुसतंच वाजत राहिलं.

ट्रस्टीबाई माझ्या खुर्चीशी आल्या. चेहरा पांढराफटक पडला होता. "मॅडम, सगळे बघतायत. तुम्ही तरी सांगा ना तिला काहीतरी!"

"मी काय सांगणार, बाई," मी म्हटलं. "तुम्हीच लिहिलंय की मागे. एवढ्या मोठ्या अक्षरांत."